समजाची बैठक

‘आई तुझी दूर गेली, नको रडू माझे बाई...’

बंद दारापलीकडून हा आवाज आला आणि मी बाहेरच थांबले. आवाज तसा गोड नव्हता. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यासारखा होता, अंगावर घ्यावासा वाटणारा. ओळ संपली. दुसरी ओळ घेण्याआधीचा श्वाससुद्धा मला ऐकू आला. तेवढ्यात माझ्या हातातली हत्यारांची पेटी चौकटीला लागून खणकली, आणि ओवी अर्ध्यावरच तुटली.

“कोण आहे?” आतून विचारणा झाली. तोच गळा, पण आता त्यात सरकारी कडकपणा.

मी वॉर्मरच्या कारखान्यातून आल्याचं सांगितलं.

“चपला बाहेर. हात कोपरापर्यंत धुवा. मग या.”

त्या साळवे सिस्टर. एस्तेर साळवे. आज इतकी वर्षं झाली, कितीतरी दवाखान्यांची दारं मी उघडली, पण दारावर हात ठेवला की ती तुटलेली ओळ अजून कानाशी येते.

मी तेव्हा मुतालिक सरांच्या कारखान्यात नवी होते. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड आणि मागे चिंचेचं झाड. आम्ही नवजात बाळांसाठी वॉर्मर बनवायचो. दिवस भरण्याआधी आलेली, मुठीएवढ्या जिवाची बाळं स्वतःची ऊब स्वतः धरू शकत नाहीत. त्यांना एका उघड्या पाळण्यात निजवायचं, वरून तापत्या दांडीची ऊब द्यायची. किती द्यायची, ते मशीन बाळालाच विचारतं. बाळाच्या पोटावर एक चिकटपट्टी लावतात, तिच्यात मुगाएवढा सेन्सर असतो. तो म्हणाला बाळ गार आहे, की दांडी जास्त तापते. तो म्हणाला बाळ ऊबदार आहे, की ती मंदावते. मशीनला दुसरे डोळे नाहीत. त्या मुगाच्या दाण्यावर त्याचा सगळा भरवसा.

सोनवळच्या सरकारी दवाखान्यात ती पट्टी सुटली होती.

बाळ वाचलं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकण्यात कुणाचं मन लागणार नाही. मुलगी होती. आईला बाळंतपणात झटके आले म्हणून तिला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलेलं, बाप तिच्या उशाशी. एक आजी केव्हाच देवाघरी गेलेली, दुसरी अंथरुणाला खिळलेली. बाळाजवळ कुणीच नव्हतं, साळवे सिस्टरांखेरीज. भर दुपारी पलीकडच्या खोलीत एक बाई अडली, सिस्टर तिकडे धावल्या. इकडे पट्टी पोटावरून घसरली आणि गादीच्या कडेला लोंबकळत राहिली. सेन्सरला लागली बाहेरची गार हवा. तो मशीनला सांगत राहिला, बाळ गार आहे, अजून ऊब दे. मशीन देत राहिलं. सिस्टर परत आल्या तेव्हा पोर लालबुंद झालेली, रडण्याचंही त्राण नव्हतं. त्यांनी तिला उचललं, डॉक्टरांना हाक मारली, सगळं वेळेवर झालं. पण अजून थोडा उशीर झाला असता तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता.

कारण तशीच मशीनं आणखी कितीतरी गावांत होती, आणि त्यांच्याखाली बाळं निजलेली होती. पट्टी का सुटली ते कळेपर्यंत त्यांतलं एकही बाळ सुखरूप आहे असं म्हणायची सोय नव्हती. सरांनी मला तेवढ्यासाठीच पाठवलं होतं. निघताना ते म्हणाले, “कोण चुकलं ते शोधू नकोस, हेमांगी. तो पोलिसांचा धंदा. पट्टी का सुटली तेवढं घेऊन ये.”

मी हात धुऊन आत गेले. खोली लहान, पण आरशासारखी लख्ख. पूर्वेच्या खिडकीतून ऊन येऊन कट्ट्यावर पसरलेलं. त्या उन्हात एक पितळी वाटी उपडी घातलेली होती. सिस्टर पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, चष्म्याची दोरी गळ्यात. निवृत्ती जवळ आलेली. बाळ परत वॉर्मरखाली होतं, गुलाबी, मुठी आवळून निजलेलं. त्याच्याकडे बघून मी म्हणाले, छान ओवी म्हणत होतात, पुढची ओळ काय?

“कसली ओवी?” त्या म्हणाल्या. “बाळांच्या खोलीत बोलायची मनाई आहे, गाणी कोण म्हणतंय.”

मी मशीन उघडलं, तपासलं. दांडी ठीक, वायर ठीक. नवी पट्टी घेऊन बाळाच्या पोटावर लावली. अशी बसली की निघायचं नाव नाही. मी सिस्टरांना विचारलं, त्या दिवशी पट्टी कशी लावली होती. नेहमीसारखी, त्या म्हणाल्या. पोट पुसलं होतं? पुसलं होतं. मध्ये कुणी बाळाला हात लावला? नाही. कुणी आलं-गेलं? नाही. प्रत्येक उत्तर छोटं आणि गुळगुळीत. हात मात्र त्यांनी पाठीमागे बांधलेले होते. मी असेपर्यंत त्यांनी बाळाला एकदाही शिवलं नाही.

बाहेर व्हरांड्यात बाळंतिणींच्या आया-सासवा बसल्या होत्या. त्यांच्याकडून मला साळवे सिस्टरांची कीर्ती कळली. सिस्टर दारात पोलिसासारख्या उभ्या राहून म्हाताऱ्यांच्या पिशव्या तपासायच्या. कुणाच्या पिशवीत तेलाची बाटली निघाली की झाली तिची वरात. वॉर्मरखालच्या बाळाला तेल लावायचं नाही, कातडी भाजते, हे त्या इतक्यांदा सांगत की आता पोरंसोरंही त्यांची नक्कल करायची. एका आजीनं शेंगातेलाची बाटली चोळीत लपवून नेली होती, ती कशी पकडली गेली ते सांगताना सगळ्याजणी पदर तोंडाला लावून हसत होत्या. “जल्माला आलेल्या पोराला तेल न्हाई, मंग त्यानं कळावं तरी कसं आपुन मानसात आलोय?” ती आजी मला म्हणाली. “पर ह्या बाईपुढं कुनाचं चालतंय?”

दवाखान्याचे मुख्य डॉक्टर घोलप. माणूस वाईट नव्हता, फक्त दमलेला होता. त्यांनी मला समोर बसवून चहा पाजला आणि सरळ सांगितलं की मशीनमध्ये दोष असेल तर तसं लिहून द्या, म्हणजे सिस्टर सुटतील; नसेल तर हलगर्जी म्हणून मला त्यांचं नाव वर पाठवावं लागेल. दोन्हींतलं एक. बाई वर्षानुवर्षं इथे राबली, तिला असं घरी पाठवायला मलाही जड जातं, असंही म्हणाले. मी विचारलं, आणि कारण सापडलंच नाही तर? ते हसले. “मॅडम, कारण सापडलं नाही असं सरकारी कागदावर कुणी लिहीत नाही.”

मी तसंच लिहून दिलं. पट्टी सुटली, का सुटली ते अजून कळलेलं नाही. डॉक्टरांनी मान हलवली आणि महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं.

कारखान्यात परतले तर तिथे वेगळाच सोहळा. पट्टीचा डिंक खराब निघाला की काय, हे बघायला सरांनी सगळ्यांना अंगावर पट्ट्या लावून घरी पाठवलं होतं. सुतारकाम करणारे दगडूमिस्त्री पोटावर पट्टी लावून आंघोळ करून आले, वर त्यांच्या बायकोनं विचारलं की हे कोणतं नवीन व्रत. सोल्डरिंग करणाऱ्या झुबेदाबींनी मनगटावर पट्टी ठेवून भाकऱ्या थापल्या, धुणं धुतलं. सरांनी छातीवरची पट्टी ओढून काढली तेव्हा केसही निघाले आणि डोळ्यांत पाणी आलं. एकाचीही पट्टी आपण होऊन सुटली नव्हती.

मग सर बराच वेळ चिंचेखाली फेऱ्या मारत राहिले. परत येऊन मला म्हणाले, “त्या सिस्टरांना बैठकीला बोलाव.”

ही बैठक म्हणजे आमच्या कारखान्याचं खरं देवघर. शनिवारी जेवणं उरकली की सगळे शेडमध्ये गोल करून बसायचे. मधोमध वॉर्मर, त्यात बंड्या नावाचा एक रबरी बाहुला. पाळीपाळीनं प्रत्येकानं ‘समजा’ म्हणून बंड्यावर एक संकट आणायचं. समजा, लाइट गेली. समजा, उंदरानं वायर कुरतडली. कल्पना जितकी वेडी तितकी चांगली. नियम दोनच. कुणाचं नाव घ्यायचं नाही. आणि ‘असं कोण करेल?’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. जो काढेल त्यानं सगळ्यांना चहा करायचा. भिंतीवर काळा फळा होता, त्याचे तीन भाग: रोज, कधीतरी, क्वचित. संकट सांगून झालं की सर खडू हातात घेऊन विचारायचे, हे कितीदा होईल? मग ते त्या त्या भागात लिहायचे. रोजच्या भागात गेलं की मशीन बदलायचं, विकलेली मशीनं परत बोलवायची, कितीही जड गेलं तरी. क्वचितमध्ये गेलं तर मशीनवर सूचनेचा कागद चिकटवला की काम भागायचं. पट्टी सुटण्याचं संकट फार पूर्वी कुणीतरी मांडलं होतं. ते क्वचितमध्ये गेलं होतं.

सिस्टर येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आल्या. सकाळच्या एस्टीनं, रविवारी चर्चला नेसायची साडी नेसून, हातात शेंगांच्या पोळ्यांचा डबा. झुबेदाबींनी त्यांना आपल्याजवळ सतरंजीवर बसवून घेतलं. सरांनी खेळ समजावून सांगितला. चौकशीचा विषय कुणी काढला नाही. बाळ कसं आहे एवढंच मी विचारलं. आईच्या कुशीत गेलं, त्या म्हणाल्या. आई परत आली. सांगताना त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच मिटला.

दगडूमिस्त्रींनी सुरुवात केली. समजा, लाइट गेली म्हणून बंड्याच्या आजोबांनी पाळण्याखाली कोळशाची शेगडी ठेवली. झुबेदाबी म्हणाल्या, समजा, बंड्याला नजर लागू नये म्हणून मावशीनं नेमका त्या पट्टीवरच काजळाचा टिळा लावला. हसू पिकलं. मी म्हणाले, समजा, वरच्या दांडीवर कुणी ओले लंगोट वाळत घातले. सर खडू घेऊन क्वचितकडे वळले.

“क्वचित कशाला?” सिस्टर एकदम म्हणाल्या. “माझ्याकडे रोज घालतात. मी काढायची, त्यांनी घालायचे.”

सरांनी हसून लंगोट रोजमध्ये लिहिले आणि म्हणाले, बघा, एका वाक्यात तुम्ही आमची एवढी मशीनं बदलायला लावलीत. सिस्टरांनी त्या फळ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

त्यांची पाळी आली. “पुढे जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. पुन्हा एक फेरी झाली. मिस्त्रींनी भूकंप आणला, झुबेदाबींनी माकड आणलं. पुन्हा त्यांची पाळी. पुन्हा पुढे. बाहेर चिंचेवर पोपटांचा कलकलाट चालला होता. तिसऱ्यांदा पाळी आली तेव्हा त्यांनी ती पुढे जाऊ दिली नाही. पुढे सरकल्या, गुडघ्यावर बसल्या आणि बंड्याच्या रबरी पोटावर तळवा ठेवला. उभ्या आयुष्यात हजारो पोटांवर ठेवला असेल, तसा.

“समजा,” त्या म्हणाल्या, “एक बाळ आहे.”

त्यांचा तळवा बंड्याच्या पोटावरच होता.

“आई लांब दवाखान्यात. जगते की नाही माहीत नाही. आजी नाही, मावशी नाही. शेजारच्या बाळांच्या आज्या येतात, काचेतून आपापल्या बाळांची दृष्ट काढतात. ह्या बाळाकडे कुणी बघत नाही. समजा, तिथं एक बाई आहे. तिला नियम पाठ आहेत. तीच दुसऱ्यांना शिकवते. पण तिची आज्जी तिला मांडीवर घेऊन तेल लावायची, तेव्हा एक ओवी म्हणायची. ती ओवी त्या बाईच्या हातांत राहिली आहे. डोक्यात नियम, हातांत ओवी.”

आणि त्यांनी ती म्हटली. गायली नाही, नुसती म्हटली, एखादा पत्ता सांगावा तशी:

“आई तुझी दूर गेली, नको रडू माझे बाई,
वाटीतल्या तेलाला गं उन्हामधे ऊब येई.”

माझ्या डोळ्यांसमोर ती खिडकी आली. पूर्वेचं ऊन, आणि उन्हात उपडी घातलेली पितळी वाटी.

“समजा, तिनं वाटीत बोटभर तेल घेतलं,” सिस्टर पुढे म्हणाल्या. “वॉर्मर मंद केला. पोटाला लावलं, तळव्यांना लावलं. बाळ त्या दिवशी पहिल्यांदा हसल्यासारखं झालं. मग फडक्यानं पोट पुसलं, चांगलं पुसलं. पट्टी लावली. पट्टी चिकटली.”

“तेलावर?” मिस्त्री म्हणाले.

“चिकटते. थोडा वेळ धरते. त्या वेळेपुरतं वाटतं, बसली. मग वरून ऊब लागते, कातडीत राहिलेलं तेल वर येतं, आणि ती हळूच सरकते. समजा, तेवढ्यात बाईला दुसरीकडे हाक आली.”

आम्ही पट्ट्या लावून पाहिल्या तेव्हा कुणाच्याच अंगाला तेल नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं. आम्ही आंघोळ केली, भाकऱ्या थापल्या, घामाघूम झालो. पण ज्या देशात बाळाचा पहिला पाहुणचार तेलानं होतो, तिथे आम्ही बंड्याला कोरडाच ठेवला होता.

झुबेदाबींनी डोळे पुसले आणि पहिल्यांदा त्याच बोलल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. वर दांडी पेटली आहे आणि खाली पोट तापत नाही, म्हणजे काहीतरी सुटलंय, एवढं मशीनला कळायला नको? कळलं की ऊब थांबवून त्यानं बोंब मारावी. सर म्हणाले, करता येईल. पण आतली सर्किटची बारकी पाटीच बदलावी लागेल, गावोगावची मशीनं उतरवून आणावी लागतील. मग आम्हाला काही काळ दुसरं काम घेता येणार नाही. मिस्त्रींनी मान खाली घातली. घर सगळ्यांनाच होतं.

सर फळ्यापाशी गेले. त्यांनी खडू उचलला, आणि मला तेव्हाही जाणवलं, की ते सिस्टरांकडे मुद्दाम पाहत नव्हते. त्यांना जे ओळखायचं ते त्यांनी ओळखलं होतं. पण नियम त्यांनीच केलेले, ते त्यांनाही पाळायचे होते.

“समजा छान आहे,” ते म्हणाले. “कुणाचं नाव नाही, गाव नाही. ते असंच राहील. शेडबाहेर जाणार नाही. आता फक्त एवढंच सांगा सिस्टर, हे कितीदा होईल? वॉर्मरखाली तेल लावायला बंदी आहे. तुम्ही स्वतः दारात उभ्या राहून आज्यांच्या पिशव्या तपासता. म्हणजे तुमच्यासारखी बाई जिथे आहे, तिथे हे क्वचितच व्हायचं. असंच ना?”

सिस्टरांनी हो म्हटलं असतं तर त्या संध्याकाळच्या एस्टीनं आल्या तशा परत गेल्या असत्या. पट्टी का सुटली ते आम्हाला कळलं होतं, सूचनेचा कागद निघाला असता, त्यांच्या नावाला धक्का न लागता. डॉक्टर घोलपांना मी काहीतरी लिहून दिलं असतं. निवृत्तीचा हार त्यांच्या गळ्यात पडला असता.

सरांचा खडू क्वचितच्या भागात टेकला. पहिलं अक्षर उमटलं.

“थांबा, साहेब.”

त्या उठून उभ्या राहिल्या. साडीचा पदर त्यांनी दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला, आणि सोनवळला मी पाठीमागे बांधलेले पाहिलेले ते हात आता मोकळे होते.

“तिथं लिहू नका,” त्या म्हणाल्या. “रोज होईल ते. ज्या बाईला बंदी पाठ आहे तिच्या हातूनसुद्धा होईल, मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलात. आणि ते समजा पुसा आता. त्या दिवशी सोनवळला त्या पोरीला तेल मीच लावलं होतं.”